घाटातली सायकल शर्यत पाहायला जाताना



आज आपण फ्रान्समधल्या एका सायकल शर्यतीबद्दल बोलणार आहोत. ती डोंगरात जाऊन पाहायची असेल तर तयारी कशी करायची, ते बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, कुठं फ्रान्स आणि कुठं आपण! पण जरा आजूबाजूला बघा. कुणाची मुलगी जर्मनीत नोकरीला आहे, कुणाचा मुलगा फ्रान्समध्ये शिकतोय, कुणाची सून स्वित्झर्लंडला आहे. त्यांच्याकडे जाणाऱ्या आयाही आता आपल्या गावांतून निघतात. आणि बहुतेक जणी कशाला जातात? बाळंतपणाला. डिंकाचे लाडू करतात, बाळाला न्हाऊमाखू घालतात, तीन महिने झाले की परत येतात. ‘काय पाहिलंत तिकडे?’ असं विचारलं तर सांगतात, ‘खिडकीतून डोंगर दिसायचे.’

आमच्या बचत गटातल्या एका काकूंची मुलगी फ्रान्समध्ये ग्रेनोबल या शहरात नोकरी करते. ग्रेनोबल आल्प्स पर्वताच्या कुशीत आहे. २०२३ च्या दिवाळीत मुलीचा फोन आला, ‘आई, पुढच्या ऑगस्टला ये. इथं जवळच बायकांची मोठी सायकल शर्यत येणार आहे, आपण बघायला जाऊ.’ काकूंनी गटाच्या बैठकीत विचारलं, ‘दिवसभर डोंगरात उभं राहायचं म्हणे. गुडघे दुखतात, भाषा येत नाही. मला झेपेल का?’ मग आम्ही सगळ्यांनी मिळून माहिती काढली आणि वहीत योजना लिहिली. काकू गेल्या, शर्यत पाहून आल्या. आज मी जे सांगणार आहे ते त्या वहीतलं आणि काकूंच्या अनुभवातलं आहे.

त्याचं सार आधीच सांगून टाकते. डोंगरातली शर्यत पाहायची तर योजना परतीपासून सुरू करायची. रात्री कुठं झोपणार आणि तिथपर्यंत उतरून कसं येणार, हे आधी ठरवायचं. वर कुठपर्यंत चढायचं ते त्यावरून ठरतं. असं का, ते पुढे कळेल.

ही शर्यत काय असते?

टूर द फ्रान्स हे नाव काहीजणींनी ऐकलं असेल. पुरुषांची ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. दर जुलैमध्ये तीन आठवडे चालते. बायकांसाठी १९८४ मध्ये पहिल्यांदा अशी शर्यत झाली आणि मॅरियन मार्टिन ही अमेरिकन मुलगी जिंकली. पण १९८९ नंतर ती त्या रूपात बंद पडली. पुढे वेगवेगळ्या नावांनी, कमी दिवसांच्या शर्यती झाल्या, त्याही थांबत गेल्या. शेवटी २०२२ मध्ये ‘टूर द फ्रान्स फाम’ या नावानं ती नव्यानं सुरू झाली. फाम म्हणजे बायका. २४ जुलै २०२२ ला पॅरिसमध्ये पुरुषांची शर्यत संपली, त्याच दिवशी तिथूनच बायकांची सुरू झाली.

ही शर्यत आठ-नऊ दिवस चालते. रोजच्या प्रवासाला टप्पा म्हणतात. प्रत्येकीला रोज किती वेळ लागला त्याची बेरीज होत जाते, आणि शेवटी जिचा एकूण वेळ सगळ्यात कमी ती जिंकते. बेरजेत जी पुढे असते ती पिवळा सदरा घालते, म्हणजे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या नवख्या माणसालाही ती ओळखता येते. घाट चढण्यात जिचे गुण जास्त तिला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा सदरा, टप्प्यांच्या शेवटी वेगात जाऊन गुण मिळवणारीला हिरवा, आणि तरुण मुलींमध्ये पुढे असणारीला पांढरा. एवढे चार सदरे लक्षात ठेवले तरी शर्यत समजायला लागते.

डोंगरातच का पाहायची?

सपाट रस्त्यावर या मुली ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास जातात, आणि एकमेकींना चिकटून, थवा करून जातात. त्याला कारण आहे. वेगात जाताना समोरच्या हवेचा जोर सोसावा लागतो. पुढची सायकल हवा कापते, मागचीला आडोसा मिळतो, तिची ताकद वाचते. म्हणून सगळ्या थव्यात राहतात. रस्त्याकडेला उभं राहिलं तर रंगांचा एक झोत जातो आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपतं.

घाटात वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरवर येतो. एवढ्या कमी वेगाला हवेचा आडोसा फारसा कामाला येत नाही. तिथं स्वतःचं वजन स्वतःच वर न्यायचं असतं. त्यामुळे थवा फुटतो आणि मुली एकेक, दोन-दोन करून येतात. चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो. पहिली गेल्यावर शेवटची येईपर्यंत अर्धा तास किंवा जास्तही लागतो. दिवे घाटात पालखी चढताना पाहायला लोक जसे सकाळपासून जागा धरून बसतात, तसे लोक तिथल्या घाटात बसतात. आणि याला तिकीट नसतं. रस्ता सगळ्यांचा.

काकूंनी पाहिला तो घाट आल्प द्युएझचा. सायकलवाल्यांच्या जगात हे मोठं नाव आहे. पायथ्याला बूर द्वाझाँ नावाचं गाव आहे. तिथून वरपर्यंत १३.८ किलोमीटरचा चढ आणि २१ वळणं. प्रत्येक वळणाला क्रमांकाची पाटी आहे, आणि आकडे उलटे आहेत. पायथ्याला २१, मग २०, १९, असं वर जाताना कमी होत जातं. सरासरी चढ ८.१ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. सगळ्यात जास्त दम लावणारा चढ पहिल्या दोन किलोमीटरमध्येच आहे. वरची उंची सुमारे १८५० मीटर. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे तिथली वस्ती कळसूबाईपेक्षा दोनशे मीटर उंच आहे.

त्या दिवशी, १८ ऑगस्ट २०२४ ला, शेवटचा टप्पा होता. पोलंडची काशिया न्येव्यादोमा पिवळ्या सदऱ्यात होती. आदल्या वर्षी जिंकलेली नेदरलँड्सची डेमी फोलरिंग पाचव्या टप्प्यात पडली होती, त्यामुळे ती १ मिनिट १५ सेकंद मागे होती. तिनं आधीच्या ग्लांदों घाटातच जोर लावला आणि निघून गेली. आल्प द्युएझच्या माथ्यावर ती पहिली आली. काशिया तिच्यानंतर १ मिनिट १ सेकंदानं पोचली.

आता हिशेब करा. डेमीला ७५ सेकंद भरून काढायचे होते. रस्त्यावर तिनं ६१ कमावले. टप्पा जिंकणारीला १० सेकंदांची सूट मिळते, ती धरून ७१. उरले ४. आठ टप्पे, साडेनऊशेच्या आसपास किलोमीटर, चोवीस तासांहून जास्त वेळ सायकलवर, आणि काशिया जिंकली ती चार सेकंदांनी. काकू अजून म्हणतात, ‘अगं, चार सेकंदात चहाचा कपसुद्धा उचलून होत नाही.’

आधी तारीख, मग बाकी सगळं

पुढच्या वर्षीचा मार्ग साधारण ऑक्टोबरमध्ये पॅरिसला जाहीर होतो. बायकांची शर्यत बहुधा जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात असते. दर वर्षी घाट बदलतात. २०२३ मध्ये पिरेनीज पर्वतातला तुर्माले होता, २०२५ मध्ये आल्प्समधला माद्लेन, आणि २०२६ च्या मार्गात मों व्हाँतू हा उघडा, वाऱ्याचा डोंगर घेतला आहे. म्हणून ‘कधीतरी जाऊ’ म्हणून भागत नाही. मार्ग जाहीर झाला की त्याच आठवड्यात एक तारीख आणि एक घाट ठरवायचा. सगळी शर्यत पाहायची हाव धरायची नाही. रोज नवं गाव, रोज सामान उचला, असं केलं तर थकायला होतं आणि खर्चही वाढतो.

शर्यत जवळ आली की वेळापत्रक मिळतं. त्यात कुठल्या ठिकाणी मुली किती वाजता येतील ते वेगवेगळ्या वेगाचा अंदाज धरून दिलेलं असतं. उलट वारा असला तर उशिरा, पाठीमागून असला तर लवकर. रस्ता कधी बंद होणार ते तिथला जिल्हा आणि ग्रामपंचायत जाहीर करते. हे दोन कागद वहीत चिकटवायचे.

पासपोर्ट आणि व्हिसा

फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. एप्रिल ते जून सगळ्यांनाच युरोपला जायचं असतं, अर्जासाठी वेळ मिळणंही अवघड होतं. ऑगस्टला जायचं असेल तर मार्चमध्येच अर्जाच्या मागे लागा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आपल्याकडे मुंबई आणि पुण्याला अर्ज घेतात.

मोठ्या माणसाची व्हिसा फी २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे, केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवासाचा आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. मुलाकडे किंवा मुलीकडे राहणार असाल तर त्यांनी तिथल्या नगरपालिकेतून पाहुण्याच्या निवासाचा दाखला काढून पाठवायचा. तो तिकडेच निघतो, इथं मिळत नाही, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून ते काम मुलांना सगळ्यात आधी सांगा. नावाचं स्पेलिंग आधार, बँक आणि पासपोर्टवर एकच आहे ना, तेही तपासा. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव यात आपल्या बायकांची फार अडचण होते.

मुक्काम कुठं?

आता परतीची गोष्ट. शर्यतीच्या दिवशी घाट गाड्यांसाठी बंद होतो. मोठ्या घाटात हे सकाळपासून, कधी आदल्या संध्याकाळपासून होतं. ज्यांच्याकडे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी असते ते दोन-तीन दिवस आधीच वर जाऊन जागा धरतात. बाकीचे पायी किंवा सायकलनं चढतात. शर्यत संध्याकाळी संपते. त्यानंतर हजारो माणसं एकाच रस्त्यानं खाली येतात. वर असलेल्या गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. नेहमीची बस त्या दिवशी वेळेवर मिळेल याची खात्री नाही, आणि शेवटची बस निघून गेली तर डोंगरात रात्र काढायची वेळ येते.

म्हणून मुक्काम असा घ्यायचा की पायी चालत पोचता येईल. ग्रेनोबल ते बूर द्वाझाँ साधारण पन्नास किलोमीटर आहे, बस आहे. काकूंच्या मुलीचं घर ग्रेनोबललाच होतं, तरी आम्ही वहीत लिहिलं होतं की शर्यतीच्या आदल्या आणि त्या रात्री पायथ्याशीच राहायचं. मुलीनं मार्ग जाहीर झाल्यावर महिन्याभरात खोली ठरवली. ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुट्ट्या असतात, उशीर केला की जागा मिळत नाही. तिकडे सुट्टीची घरं आठवड्यानं भाड्यानं देतात, बहुतेक शनिवार ते शनिवार. चार-पाच जणींनी मिळून असं घर घेतलं तर स्वयंपाकघर मिळतं, खर्च वाटला जातो. पोहे, रवा, मुगाची डाळ बरोबर असली की जेवणाची चिंता नाही.

ज्यांचं तिकडे कुणी नाही त्यांनी पॅरिसला उतरून रेल्वेनं ग्रेनोबलला जावं. वेगवान गाडी तीन तासांच्या आसपास नेते. लियाँ आणि जिनिव्हा हे विमानतळ त्याहून जवळ पडतात, तिथून ग्रेनोबलसाठी बस असते. पण शर्यतीच्या दिवशी सकाळी विमानातून उतरून घाटात जायचं, असला बेत कधीही करू नका. निदान दोन रात्री आधी पोचा. झोपेचं घड्याळ जागेवर यायला तेवढं लागतं.

वर कुठपर्यंत चढायचं?

सगळ्यांना वाटतं, शर्यत संपते तिथंच उभं राहावं. पण माथ्यावर गर्दी सगळ्यात जास्त असते आणि शेवटच्या भागात लोखंडी कठडे लावलेले असतात. आणि माथ्यावर गेलं की तेवढंच उतरावं लागतं. चौदा किलोमीटर उतार म्हणजे धडधाकट माणसालाही तीन तास. चढताना छाती भरून येते, पण उतरताना गुडघे बोलतात. शेजारच्या गावांतून वर जाणारे रोपवे आहेत. त्यांनी जायचं तर शेवटचा पाळणा किती वाजता खाली सुटतो ते आधी विचारायचं.

काकूंनी एकोणिसाव्या वळणापर्यंतच जायचं ठरवलं. म्हणजे पायथ्यापासून तिसरंच वळण. काठी घेऊन, थांबत थांबत. काही जणींना वाटलं, एवढ्या लांब जाऊन फक्त तीन वळणं? पण त्या जागेला खालच्या दरीतला रस्ता आणि समोरचा चढ, दोन्ही दिसत होतं. जागा निवडताना हे पाहा: वळणाच्या थोडं वर, बाहेरच्या कडेला न उभं राहता आतल्या डोंगराच्या बाजूला. तिथं सायकली सगळ्यात हळू असतात आणि गाड्यांपासून आपण लांब असतो. थोडी सावली मिळाली तर उत्तम.

पिशवीत काय हवं?

डोंगरातलं हवामान एका दिवसात तीन रंग दाखवतं. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होतं. खाली उन्हानं जीव नकोसा झालेला असतो आणि वर गार वारा. दुपारनंतर वीज-पाऊसही येतो. म्हणून सुती कपड्यांवर एक स्वेटर, पावसाचा कोट, टोपी. छत्री नको, गर्दीत ती दुसऱ्याच्या डोळ्यात जाते आणि शर्यतीत आडवी येते. साडीपेक्षा सलवार-कमीज किंवा पँट बरी. बूट नवेकोरे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत.

पाणी माणशी दोन लिटर. गावांत पाण्याचे नळ असतात. पाटीवर ‘ओ पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं, ‘नों पोताब्ल’ म्हणजे पिण्याचं नाही. दशम्या, चटणी, चिक्की, खजूर. घाटात शाकाहारी काही मिळेलच असं नाही. बीपी-शुगरची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि दिवसभराची खुराक पिशवीत, खोलीवर नाही.

स्वच्छतागृहाचं स्पष्ट बोलते, कारण बायका याच भीतीनं पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येऊन पडतात. घाटात सोय कमी असते, गावांत असते. निघण्याआधी जाऊन या, वाटेतल्या गावात सोय कुठं आहे ते बघून ठेवा, जवळ कागद आणि छोटी पिशवी ठेवा, कचरा परत आणा. जागा निवडताना वस्तीपासून वीस मिनिटांच्या आत राहणं याही कारणानं बरं.

गर्दीत मोबाईल लागत नाही. म्हणून ‘चुकलो तर अमुक चौकात, अमुक वाजता’ हे आधी ठरवा. राहण्याचा पत्ता फ्रेंचमध्ये कागदावर लिहून प्रत्येकीच्या खिशात असू द्या. मदतीसाठी ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपात चालतो.

उभं कसं राहायचं?

शर्यतीच्या आधी जाहिरातींच्या सजवलेल्या गाड्यांची रांग येते. पुरुषांच्या शर्यतीत ती साधारण दोन तास आधी येते. गाड्यांवरून टोप्या, बिस्किटांच्या पुड्या, कसल्या कसल्या वस्तू फेकतात. रस्त्यात धावून त्या उचलायच्या नाहीत, मागून दुसरी गाडी येत असते.

मग बराच वेळ काही नाही. नंतर हेलिकॉप्टरचा आवाज, पोलिसांच्या मोटारसायकली, आणि मग पहिली सायकल. तेव्हा दोन पावलं मागं व्हायचं. फोनच्या पडद्यातून बघताना अंतराचा अंदाज चुकतो, हे लक्षात ठेवा. २०२१ मध्ये पुरुषांच्या शर्यतीच्या पहिल्याच दिवशी एक बाई आजी-आजोबांसाठी लिहिलेला फलक कॅमेऱ्याला दाखवायला रस्त्यावर पुढे आली. तिची नजर दुसरीकडे होती. एक सायकलस्वार फलकाला धडकला आणि त्याच्यामागे डझनावारी जण कोसळले. तिला पुढे न्यायालयानं १२०० युरो दंड केला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, पण कुणाची वर्षभराची मेहनत एका पावलानं गेली. पाणी ओतायचं नाही, पाठीला ढकलायचं नाही, बरोबर धावायचं नाही. टाळ्या वाजवा, ‘आले, आले!’ ओरडा. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘चला, चला’. आपल्याला शिकायलाही लागत नाही.

आणि पहिल्या दहा गेल्या की निघू नका. बऱ्याच जणी नंतर येतात. त्यांना जिंकायचं नसतं, ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं असतं, नाहीतर बाद होतात. सगळ्यात शेवटी एक गाडी येते. फ्रेंचमध्ये तिला ‘झाडूगाडी’ म्हणतात. पूर्वी तिला खराच झाडू बांधलेला असायचा. ज्यांना पुढे जाणं शक्य नाही त्यांना ती गोळा करते. ती गाडी आणि तिच्यामागची पोलिसांची गाडी गेल्याशिवाय रस्त्यावर उतरायचं नाही. ती गेली की शर्यत गेली.

त्यानंतर अर्धा तास बसा. दशमी खा. गर्दीचा पहिला लोंढा जाऊ द्या. ऑगस्टच्या मध्यात तिकडे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. मुक्काम चालण्याच्या अंतरावर असला की घाई कसली? काकू आणि त्यांची मुलगी अंधार पडायच्या आत खोलीवर होत्या. त्या रात्री त्यांच्या खिडकीखालून गाड्यांची रांग उशिरापर्यंत सरकत होती.

खर्चाचं काय?

वहीत पाच रकाने करा: व्हिसा-विमा, विमान, तिथला प्रवास, मुक्काम, खाणं. सहावा रकाना अडचणीसाठी, आणि त्यात निदान एका रात्रीचा मुक्काम आणि एक लांबची टॅक्सी बसेल एवढे पैसे. शर्यत पाहायला एक पैसा लागत नाही, पण तिथं पोचायला लागतो. म्हणून केवळ शर्यतीसाठी कर्ज काढून जा, असं मी म्हणणार नाही. पण मुलाबाळांकडे जाणारच असाल, तिकीट निघणारच असेल, तर तारखा दोन आठवडे पुढेमागे करून ही शर्यत त्यात बसवता येते. काकूंचा जास्तीचा खर्च दोन रात्रींची खोली आणि बसभाडं, एवढाच होता.

ज्यांना तेवढं लांब जमणार नाही त्यांनी आपल्याकडेही लक्ष ठेवा. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. ती पुरुषांची होती. पण रस्ता बंद कधी होतो, थवा कसा जातो, घाटात कुठं उभं राहायचं, याचा सराव आपल्या दाराशीही होऊ शकतो.

शेवटी एवढंच सांगते. बायकांच्या शर्यतीत पहिली येणारीला ५०,००० युरो मिळतात, पुरुषांच्या शर्यतीत पहिल्याला ५,००,०००. बायकांची शर्यत पूर्वी बंद पडली ती पैशाअभावी. पाहायला कोण येणार, हा प्रश्न तेव्हा विचारला जायचा. आज त्याचं उत्तर घाटाच्या दोन्ही कडांना उभं असतं. त्यात एकोणिसाव्या वळणावर, काठी टेकून, डोक्याला रुमाल बांधून उभी असलेली आपल्याकडची एक बाईही मोजली गेली. शेवटून दुसरी येणाऱ्या मुलीसाठीही त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुलीनं मान वळवून पाहिलं, एवढं त्या सांगतात.

तेव्हा पुढच्या वेळी परदेशातून ‘आई, ये’ असा फोन आला, तर कॅलेंडर घेऊन बसा. बाळंतपण असेल तर ते कराच. पण एक दिवस स्वतःसाठी मागून घ्या, आणि तो मागताना वहीत आधी परतीची वाट लिहा.